पाचव्या सुराचं बदक

त्या घरात तीन माणसं आणि एक बदक राहायचं, आणि घर कुणाच्या तालावर चालतं असं विचाराल तर बदकाच्या.

बदक पिवळं, कापडी, एका डोळ्याचं. दुसरा डोळा कुठे गेला याची चौकशी घरात कुणी केली नाही. शेपटीखाली दोरी होती. ती ओढून सोडली की हळूहळू आत जायची आणि पोटातून सात सूर निघायचे: टिन्, टिन्, टिन्, टिन्, टें, टिन्, टिन्. संपलं गाणं. मग एक इवलासा हात पुन्हा दोरी ओढायचा.

हात ढमीचा. ढमी म्हणजे घरातली लेक, वय वर्षं दोन आणि वर तीन महिने. बदकाशिवाय ती जेवत नसे, आंघोळीला बसत नसे, आणि झोपेचं तर नावच काढू नका. रोज संध्याकाळी साडेसातला ती अंथरुणावर पडून दोरी ओढायला लागायची. चाळीसएक वेळा गाणं झालं की दोरी हातातून सुटायची आणि घरातली दोन मोठी माणसं चोरासारखी पाय न वाजवता खोलीबाहेर पडायची.

हे कुठल्याही घरात खपून गेलं असतं. या घरात एक भानगड होती. ढमीचा बाप पियानो ट्यूनर होता.

पियानोच्या पोटात सव्वादोनशे तारा असतात, आणि हवा बदलली, खिडकी उघडी राहिली, कुणी तासन्तास बसून नुसतं ठोकत राहिलं, की त्या उतरतात. त्या एकेक करून पुन्हा सुरावर आणायच्या, हा त्याचा धंदा. बावीस वर्षं तेच केल्यावर माणसाचे कान कान राहत नाहीत, दुखणं होतं. फ्रिज कुठल्या सुरात घरघरतो हे त्याला माहीत. शेजारच्यांची घंटा किती उतरलीय ते माहीत. एकदा एका इमारतीतल्या लिफ्टची टिंग बेसूर होती म्हणून हा शहाणा नऊ मजले जिने चढून गेला आणि वर पोचल्यावर अर्धा तास पियानोला टेकून नुसता धापा टाकत बसला.

अशा माणसाच्या घरी ते बदक आलं, आणि बदकाचा पाचवा सूर उतरलेला. थोडासाच. म्हणजे तुमच्या-माझ्या लक्षातही येणार नाही इतका. पण टिन् टिन् टिन् टिन् झालं की त्याच्या दाढेत कळ जायला सुरुवात व्हायची, आणि नेमका पाचवा सूर आला की तो खोकायचा. मुद्दाम नव्हे हो. तो सूर कानात शिरू नये म्हणून त्याच्या घशाने आपणहून काढलेली ती पळवाट होती. टिन्, टिन्, टिन्, टिन्, खॉक्, टिन्, टिन्. तीन महिने दिवसाला शंभर वेळा. आपण खोकतो हे त्याचं त्यालाही कळेनासं झालं होतं.

बदक आणलं होतं बायकोने. ती शहरबस चालवायची. पहाटे साडेचारला उठायची, दुपारी तीनला घरी यायची. लोक बसमध्ये काय काय विसरतात म्हणून सांगू! छत्र्या, चष्मे, दातांची कवळी, एकदा तर अख्खी शिडी. तीन महिने डेपोच्या कपाटात पडून राहिलेली वस्तू ज्याला सापडली त्याने न्यायची, असा तिथला रिवाज. बदकाला कुणी विचारायला आलं नाही. ट्यूनरच्या मते ते विसरलेलं नव्हतंच, कुणीतरी जीव मुठीत धरून सोडून पळालं होतं.

“गोड तर आहे गाणं,” बायको म्हणायची.

“गोड? अगं, पाचवा सूर बघ!”

“बघितला. तोही गोड आहे.”

पण तो हरणाऱ्यातला नव्हता. त्याने ठरवलं की ढमीला आवडेल आणि मोठ्यांनाही सोसेल असं दुसरं संगीत शोधून काढायचं. जगात एवढं संगीत पडलंय, त्यात तीन माणसांना मिळून एक गाणं सापडू नये?

“शोध की,” बायको म्हणाली. “तिला आवडलं आणि मला झेपलं, तर बदक गेलं उडत.”

त्याने वही घेतली. तीन रकाने आखले: ढमी, ती, मी. रोज संध्याकाळच्या जेवणाला एक गाणं लावायचं आणि तिघांचा निकाल लिहायचा. पियानो लावताना हा माणूस जितका गंभीर असायचा तितकाच गंभीर होऊन उकडलेल्या बटाट्यासमोर पेन्सिल धरून बसायचा.

पहिल्या दिवशी त्याने आपल्या आवडीचं संथ पियानोवादन लावलं. ढमीने बटाटा स्पीकरवर फेकला. बायको चौथ्या मिनिटाला चमचा तोंडात असतानाच झोपली. दुसऱ्या दिवशी मुलांची गाणी. कुणीतरी बाई टाळ्या वाजवा, उड्या मारा, नाक पकडा असं सांगत होती. ढमी खूश. बारा वेळा लावायला लावलं. सहाव्या वेळी बायको म्हणाली, “त्या बाईला कुणीतरी पाणी द्या आणि घरी पाठवा.” त्याचं म्हणणं वेगळं होतं: मागच्या टाळ्या एकत्र पडत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बायकोच्या आवडीचं, ढोल आणि गिटारी. ढमी अशी नाचली की टेबलाच्या कडेवर आपटून कपाळाला टेंगूळ. चौथ्या दिवशी देवमाशांचे आवाज, शांत वाटतं म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेले. बायकोने दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “कुणाचं पोट बिघडलंय?” ढमीने पोटावर हात ठेवून “दुखतं” म्हणून भोकाड पसरलं, आणि खरंच दुखतंय की माशांच्या सहानुभूतीने, हे कळेपर्यंत डॉक्टरांकडे जाऊन यावं लागलं.

तीन आठवड्यांत वहीत एकोणीस गाणी झाली. तिन्ही रकान्यांत होकार असलेलं एकही नाही. दर संध्याकाळी निकाल लिहून झाला की ढमी टेबलाखालून बदक काढायची. टिन्, टिन्, टिन्, टिन्, खॉक्, टिन्, टिन्.

अशात बायकोच्या परीक्षेची तारीख लागली. गुरुवार, सकाळी दहा.

ही परीक्षा म्हणजे चेष्टा नव्हती. जोडबसची परीक्षा. मध्ये रबरी भाता लावून दोन डबे एकमेकांना जोडलेले असतात ना, ती बस. पुढे काय, कुणीही नेईल. पण ती लांबलचक बया मागे घेत घेत दोन खांबांमधल्या जागेत नेऊन उभी करायची, तिथे भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, कारण आपण चाक डावीकडे वळवलं की मागचा डबा हट्टाने उजवीकडे निघतो. बायकोने ही परीक्षा दोन वर्षांपूर्वी दिली होती. तेव्हा ढमी तीन महिन्यांची होती, आणि आदल्या दिवशी बायकोला दोन तास झोप मिळाली होती. मागचा डबा खांबावर गेला. डेपोत अजूनही त्या खांबाला तिच्याच नावाने ओळखायचे. आणि नियम असा की दोनदाच बसता येतं. या खेपेला हुकलं तर जोडबस कायमची विसरायची.

“ऐक,” तिने सोमवारी त्याला समोर बसवून सांगितलं. “मला फक्त झोप हवी. मंगळवारी आठ तास, बुधवारी आठ तास. बाकी मी बघून घेईन. तुझे ते देवमासे, ती वही, सगळं गुरुवारनंतर. तोपर्यंत बदकाला हात लावायचा नाही. कळलं?”

“हो.”

“माझ्याकडे बघून सांग.”

“हो गं बाई.”

तर मंगळवारी दुपारी त्याने बदकाला हात लावला.

त्याची बाजू सांगायची तर त्याचा हेतू वाईट नव्हता. त्या दिवशी त्याला कुठलं काम नव्हतं. ढमी पाळणाघरातून येऊन जेवून झोपली होती, बदक तिच्या कुशीतून घसरून जमिनीवर आलं होतं, आणि त्याला वाटलं, दुसरं गाणं कशाला शोधायचं? हेच दुरुस्त केलं तर? पोरीला तिचं बदक राहील, आपल्याला नीट सूर मिळेल, बायको झोपेल. एकाही माणसाला आक्षेप घ्यायला जागा नाही. बावीस वर्षांच्या अनुभवी कारागिराला सुचलेला हा विचार त्याला इतका आवडला की त्याने स्वतःच्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली.

पोटाची शिवण उसवली. आत लाकडी डबी, डबीत खिळ्यांचा बारीक रूळ आणि पोलादी दातांचा कंगवा. रूळ फिरला की खिळे दातांना छेडतात आणि सूर निघतो, बाकी काही नाही. पाचव्या सुराचा दात त्याने बरोबर ओळखला. दाताचं टोक कानशीने जरासं घासलं की टोक हलकं होतं आणि सूर चढतो. त्याने तीनदा कानस फिरवली, फुंकर मारली, दोरी ओढली. टिन्, टिन्, टिन्, टिन्, टिन्, टिन्, टिन्.

डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा खोकला आला नाही. त्याने सापडेल त्या निळ्या दोऱ्याने सुबक टाके घालून पोट शिवलं आणि बदक ढमीच्या कुशीत ठेवलं.

तीन वाजता ढमी उठली. त्याच सुमाराला बायको दारातून आत आली. ढमीने डोळे चोळत दोरी ओढली.

टिन्, टिन्, टिन्, टिन्, टिन्.

ढमीचा हात थांबला. तिने बदकाकडे बघितलं. उलटं केलं. सुलटं केलं. पुन्हा दोरी ओढली, आणि या खेपेला डोळे बारीक करून, मान वाकडी करून ऐकलं. अगदी बाप पियानोवर वाकून ऐकतो तशी. एवढासा तर फरक, हजारात एकाला कळला नसता. पोरगी बापाचा कान घेऊन जन्माला आली होती, आणि हे बापाला त्या क्षणी कळलं. त्याला अभिमानाने भरून यावं की पळून जावं, हे ठरेना.

“नाही,” ढमी म्हणाली. “बदक नाही.”

आणि तिने बदक खिडकीकडे भिरकावलं.

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण मलाही आठवलं की घाम फुटतो. ढमीने पलंगाखाली बदक शोधलं, कपाटात शोधलं, धुवायच्या कपड्यांत शोधलं, आईच्या बसच्या पिशवीत शोधलं. बदक समोर पडलेलं, आणि ही “बदक कुठे?” म्हणून ऊर बडवून रडतेय. बायकोने तिचे कान बघितले, हिरड्या बघितल्या, ताप बघितला. बाप शेजारी उभा राहून प्रत्येक वेळी “हं, दात येत असतील” म्हणत होता. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्याने. त्या रात्री त्या घरात कुणी झोपलं असेल तर ते बदक.

बुधवारी दुपारी बायको घरी आली तेव्हा तिचे डोळे बसच्या मागच्या दिव्यांसारखे लाल होते. ती खुर्चीत बसली, जमिनीवरचं बदक उचललं, आणि सहज त्याच्या पोटावरून हात फिरवला. हात थांबला.

“ही शिवण कुणाची?”

तो ढमीचं नाक पुसायला लागला.

“निळा दोरा. एवढे एकसारखे टाके. घरात मी तर घालत नाही, ढमीही घालत नाही. काय केलंस तू?”

“सूर लावला,” तो पुटपुटला.

“काय केलंस?”

“पाचवा. थोडासाच. म्हटलं, सगळ्यांनाच बरं…”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने बदक मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “उद्या दहा वाजता मी परत त्या खांबावर जाणार. आणि मग आयुष्यभर साधी बस.” एवढं बोलून ती रडायलाच लागली. तिला रडताना त्याने आठ वर्षांत दोनदाच पाहिलं होतं, त्यातलं एकदा त्या खांबाच्या दिवशी.

“मी पूर्वीसारखं करून देतो,” तो घाईघाईने म्हणाला. “सोपं आहे. टोकाला कथलाचा थेंब द्यायचा, दात जड झाला की सूर उतरतो. आत्ता देतो.”

“मग दे!”

त्याने पोट उसवलं, थेंब दिला, दोरी ओढली, आणि तो तिथेच अडला. सूर उतरला होता खरा. पण किती उतरवायचा? तो मूळचा चुकीचा सूर नेमका किती चुकीचा होता? सव्वादोनशे तारा डोक्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाला आपल्याच घरातलं सात सुरांचं गाणं आठवेना. आठवणार कसं? उतरलाय एवढं कळलं की लगेच खोकला; त्याने तो सूर एकदाही पुरता ऐकलाच नव्हता!

“फोनमध्ये आहे,” बायको म्हणाली. “ढमीची किती चित्रणं आहेत बदक घेऊन.”

अकरा चित्रणं निघाली. वाढदिवसाचं, आंघोळीचं, पायऱ्यांवरचं. दोघं डोकी जुळवून ऐकायला बसली. टिन्, टिन्, टिन्, टिन्, खॉक्, टिन्, टिन्. दुसरं लावलं. खॉक्. अकराच्या अकरांत पाचव्या सुरावर खोकला, असा खणखणीत की खाली सूर आहे की मांजर आहे ते कळायची सोय नाही. आपण एवढे खोकतो हे त्याला पहिल्यांदाच समजत होतं, आणि प्रत्येक खोकल्यागणिक तो खुर्चीत खाली खाली चालला होता. तेवढ्यात आवाज ऐकून ढमी धावत आली, फोनवरच्या बदकावर बोट ठेवून “ते! ते बदक!” म्हणाली, फोन हलवून हलवून त्यातून बदक बाहेर काढायचा प्रयत्न केला, आणि निघेना म्हणून दुप्पट जोराने रडायला लागली.

तो अंदाजाने थेंब देत राहिला. पण हात तरी कसला! सूर उतरवावा तर नेमका दुसऱ्या कुठल्यातरी स्वच्छ सुरावर जाऊन बसायचा. चुकीचा लावायचा म्हणून लावायला गेला तरी बरोबरच लागायचा. त्याला मुळी बेसूर करताच येत नव्हतं.

“अरे, एवढा खाली नव्हता तो,” बायको वैतागून म्हणाली. “असा होता.” आणि तिच्या तोंडून निघून गेलं: “टिन् टिन् टिन् टिन् टें…”

आणि तिने तोंडावर हात ठेवला.

“थांबलीस का?” तो उठून उभा राहिला. “पुन्हा म्हण!”

“नाही.”

“अगं, तुला येतं ते! तुला सगळं येतं! म्हण ना!”

“मी गात नाही,” ती म्हणाली. “तुला माहीत आहे.”

त्याला खरंच आठवेना की हे आपल्याला कधीपासून माहीत आहे. तिला मात्र दिवसासकट आठवत होतं.

“लग्नाला महिना झाला नव्हता,” ती म्हणाली. “मी भांडी घासताना गात होते. तू आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि किती प्रेमाने म्हणालास, गाऊ नकोस गं, माझ्या दाढेत कळ येते. तेव्हापासून मी घरात गायले नाही. शेवटची फेरी संपवून रिकामी बस डेपोत नेताना गाते. तीस रिकाम्या बाकांना ऐकवते. त्यांच्या दाढा दुखत नाहीत. हे बदकाचं गाणंही तिथेच गाते. आणि आता होय रे तुला हवं झालं माझं गाणं?”

तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. हातात कानस, दुसऱ्या हातात बदकाचं आतडं. सात वर्षं, अकरा महिने ती या घरात गप्प होती, आणि जगातली प्रत्येक घंटा बेसूर आहे म्हणून तक्रार करणाऱ्या या माणसाला ती शांतता ऐकू आली नव्हती.

“मी गाढव आहे,” तो म्हणाला.

“आहेसच.”

“मला ते तेव्हा बोलायला नको होतं. मला लाज वाटतेय. बदकासाठी नाही म्हणत. बदक गेलं खड्ड्यात. तू गा. रोज गा. मला दाढा काढाव्या लागल्या तर मी काढीन.”

बायकोने नाक पुसलं. “चेहरा केलास तर बघ.”

“नाही करणार.”

“तोंडात काहीतरी धर.”

त्याने हात पुसायचा टॉवेल दातांत धरला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि गायली. रिकाम्या बसमध्ये गाते तशी, मोकळ्या गळ्याने. टिन् टिन् टिन् टिन् झालं. त्याच्या घशात खोकला आला, त्याने टॉवेल गच्च चावला, डोळे पांढरे झाले, पण आवाज केला नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो पाचवा सूर पुरता ऐकला. उतरलेला होताच तो. पण काय सांगू, वाईट नव्हता. दिवसभर उभं राहून आलेलं माणूस खुर्चीत बसताना हुश्श करतं, तसा काहीतरी होता. तिने तो नऊ वेळा गाऊन दाखवला. नवव्यांदा कथलाचा थेंब आणि बायकोचा गळा तंतोतंत जुळले.

साडेसात वाजता ढमीला अंथरुणावर घेतलं. डोळे सुजलेले, नाक वाहतंय, अंगठा तोंडात. बापाने बदक पुढे केलं आणि दोरी ओढली.

टिन्, टिन्, टिन्, टिन्, टें, टिन्, टिन्.

ढमीचा अंगठा बाहेर आला. तिने बदक ओढून घेतलं. दोघांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिने स्वतः दोरी ओढली, पाचव्या सुराला थांबून वर बघितलं, आणि तिचा ओठ पुन्हा थरथरायला लागला.

“आता काय?” बाप हवालदिल झाला. “बरोबर चुकीचा लावलाय मी! हाच आहे! तूच सांगितलास ना?”

“हाच आहे,” बायको म्हणाली. तिचाही चेहरा उतरला.

ढमीने तिसऱ्यांदा दोरी ओढली. टिन्, टिन्, टिन्, टिन्, आणि तिने मान वळवून बापाकडे बघितलं. त्याच्या तोंडाकडे. वाट बघत. “बाबा,” ती म्हणाली. “बाबाचं.”

“काय बाबाचं, सोन्या?”

बायकोला आधी कळलं. ती एवढ्या जोरात हसली की पलंगावरून खाली घसरली.

“खोक!” ती म्हणाली. “अरे, तू खोक! तिला वाटतंय तो गाण्यातच आहे!”

ढमीने दोरी ओढली. टिन्, टिन्, टिन्, टिन्. आता खोकायचं म्हटल्यावर खोकला येईना. त्याने घसा खरवडून कसंबसं एक काढलं: खॉक्.

टिन्, टिन्.

ढमीचं तोंड कानापर्यंत फाकलं. तिने बदकाला घट्ट छातीशी धरलं. “बदक!” ती म्हणाली. “आलं बदक!” मग आईकडे बोट केलं. “आई पण.”

आई गायली, बाप खोकला, ढमीने दोरी ओढली. तीन आठवडे वही घेऊन तिघांना मिळून आवडेल असं गाणं शोधत होता बिचारा, आणि ते तो रोज शंभर वेळा स्वतःच खोकत होता. आठवी वेळ झाली नाही तोच दोरी हातातून सुटली. दोघंही पाय न वाजवता बाहेर आली, आणि आठ वाजायच्या आत बायको जी आडवी झाली ती सकाळी उठली.

गुरुवारी तो ढमीला कडेवर घेऊन डेपोच्या जाळीबाहेर उभा होता. आत ती लांबलचक बस इंच इंच मागे येत होती. मागचा डबा उजवीकडे निघाला, तसाच निघाला, थेट त्या खांबाच्या रोखाने, आणि त्याने जाळी अशी आवळली की बोटांवर चौकोन उठले. तेवढ्यात बस थांबली. श्वासभर तशीच उभी राहिली. मग पुन्हा हलली, डबा सुतासारखा सरळ झाला, आणि दोन्ही खांबांच्या मधोमध जाऊन बसला.

बायको उतरली ती हातातला कागद हलवतच. ढमीने जाळीतून बदक पुढे केलं.

“थांबलीस कशाला मध्येच?” त्याने विचारलं. “माझा इथे जीव चालला होता!”

“गात होते ना मी,” ती म्हणाली. “मागे घेताना बदकाचंच गाणं. परीक्षक शेजारी बसून बघत होते माझ्याकडे, बघू देत म्हटलं. पाचव्या सुरापर्यंत आले आणि थांबले, तुझ्या खोकल्यासाठी. सवय झाली ना एका दिवसात! तेवढ्यात आरशात दिसलं, डबा कुठे चाललाय ते.”

त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर त्यातून फक्त खोकला निघाला.